सुरुवातीच्या दोन खुणा

बुधवार, १७ नोव्हेंबर २००४

आले एकदाची नव्या घरी. परळहून चंदनसारला पोचायला टेंपोला चार तास लागले, पण सामानाला ओरखडा नाही. कॉम्प्युटरचा डबा मी मांडीवर धरला होता. टेंपोवाला म्हणाला, मावशी, मागे ठेवा, पळून नाही जात तो. मी म्हटलं, तू रस्ता बघ.

तिसरा मजला. हॉल, स्वयंपाकघर, एक खोली आणि घरातच संडास. एकतीस वर्षं गॅलरीच्या टोकाला बादली घेऊन गेलेल्या बाईला ह्याचं सुख विचारावं. खिडकीतून जीवदानीचा डोंगर दिसतो. पाणी टँकरचं, रोज दुपारी चारला. जमिनीला दोन दोन फुटांच्या पांढऱ्या फरश्या. आमच्या चाळीत खरखरीत शहाबादी होती, पावलांना तिचीच सवय आहे. इथे घसरायला होतं.

समोरच्या दारात रेजिना टीचर राहतात. मूळच्या राजोडीच्या, शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. चहा आणि बशीत सुकेळी, म्हणजे इकडची वाळवलेली केळी, घेऊन आल्या. सुकेळी बघून मी उगाच पदराने भांडं पुसत राहिले. हे दर शनिवारी सुकेळी आणायचे. सातिवलीच्या एका गोदामात स्टोअरकीपर होते, म्हणूनच इकडे घर घेतलं. फेब्रुवारीत गोदामातच छातीत कळ आली. घराचा ताबा मिळाला ऑक्टोबरात. ह्यांनी हे घर कागदावरच पाहिलं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भाऊजींनी सांगितलं, वहिनीला सांभाळू. माझ्या लेकीच्या, क्षितिजाच्या नवऱ्यानेही काय काय कबूल केलं. कावळा पलीकडच्या भिंतीवर बसून राहिला. दोन तासांनी भाऊजींनी मला फोन केला, काय राहिलंय ह्याचं? मी म्हटलं, सांगा, ती तुम्हाला नव्या घरी घेऊन जाईल. हे शब्द बोलतात तोच कावळा आला म्हणे.

म्हणून आज सकाळी खोलीला कुलूप लावताना मी मागे वळून म्हटलं, चला. शेजारच्या हंसाबेनना वाटलं त्यांना म्हणतेय. त्या चप्पल घालून खालपर्यंत आल्या.

शनिवार, २० नोव्हेंबर

टीचरांनी वायरी जोडून दिल्या. कॉम्प्युटर चालू झाला.

मी शाळा चौथीत सोडली. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांवर आणि चाळीच्या वाचनालयात झालं. इंग्रजी अक्षरं ह्यांनी कळफलकावर शिकवली, त्यामुळे मला ती ए, बी, सी अशी येत नाहीत. क्यू, डब्ल्यू, ई अशी येतात.

ह्यांना एकच नाद होता. जुन्या डॉसच्या काळातला तळघराचा एक गेम. आपण चालायचं, दारं उघडायची, राक्षस मारायचे. ह्यांना राक्षसांत रस नव्हता. त्या गेमचा एडिटर मिळतो, त्यात आपल्याला हवी तशी तळघरं बांधता येतात. हे तेच करत बसायचे. गोदामाच्या फ्लॉप्यांतून व्हायरस यायला लागले तेव्हा ह्यांनी विंडोज पुसून एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स घातलं. लिनक्सवर डॉसचा गेम चालत नाही. त्याला डॉसबॉक्स लागतो. हे समजावून सांगायचे, तो लिनक्सच्या पोटात एक खोटा डॉस उभा करतो, आणि गेमला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत.

सगळं ह्यांनी वहीत लिहून ठेवलंय. आधी काय टाइप करायचं, मग काय. लिनक्सला मोठं अक्षर वेगळं, लहान वेगळं. चुकलं तर ओळखच दाखवत नाही, माझ्या मोठ्या नणंदेसारखं. तीनदा चुकले. चौथ्यांदा एडिटर उघडला.

काळ्या पडद्यावर चौकोनांची जाळी, आणि त्यावर वरून पाहिल्यासारखी आमची चाळ. आमची खोली, मोरी, गॅलरी, जिना. आमच्या दारात एक हिरवा बाण. वहीत लिहिलंय, ही सुरुवातीची खूण. गेम सुरू केला की माणूस इथे उभा राहतो, बाण असेल तिकडे तोंड करून.

मी गेम सुरू केला आणि आमच्या दारात उभी राहिले. जमीन करडी, शहाबादीसारखी. बाणाच्या कळांनी खोलीत गेले, मोरीपर्यंत गेले, परत आले. राक्षस ह्यांनी एकही ठेवला नव्हता.

बुधवार, २४ नोव्हेंबर

चार दिवस हेच घर बांधतेय, एडिटरमध्ये. एक फरशी म्हणजे एक चौकोन, असा हिशेब धरला. खडू घेऊन वाकून वाकून फरश्या मोजल्या. हॉल सहा बाय सात. जमिनीला पांढरा रंग दिला.

टीचर शाळेतून आल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात रांगत होते. आधी घाबरल्या. मग पडदा बघून पोट धरून हसल्या. "देवा रे! लोकं लिनक्सवर बँका चालवतात, आणि सुनंदाताई, तुम्ही चाळ चालवता!" मग खुर्ची ओढून बसल्या आणि अर्धा तास हलल्या नाहीत.

मी त्यांना कावळ्याचं सांगितलं. ह्यांनी हे घर पाहिलेलं नाही, वाट ठाऊक नाही. नुसतं 'चला' म्हणून माणूस कसा येईल? नकाशा तरी नको का. टीचर हसल्या नाहीत. त्यांच्या गावी चर्चमागच्या स्मशानात नोव्हेंबरात मेणबत्त्या लावतात, त्याही एका परीने वाट दाखवायलाच, असं म्हणाल्या.

रविवार, २८ नोव्हेंबर

आज जोडकाम पूर्ण. चाळीतल्या आमच्या दारासमोरून एक सरळ बोळ काढला, चोवीस चौकोनांचा, थेट इथल्या दारापर्यंत. इथलं दार, हॉल, स्वयंपाकघराचं दार, सगळं एका रेषेत येतं. मधे काही अडत नाही.

ह्यांचा हिरवा बाण चाळीच्या दारात होता तसाच ठेवला. तो कसा पुसू? माझ्यासाठी दुसरा बाण स्वयंपाकघरात ठेवला, ओट्याजवळ, दाराकडे तोंड करून. माणसं दोन, मग खुणाही दोन.

गेम सुरू केला. मी ओट्यापाशी उभी. दारातून हॉल, हॉलमधून दार, दारातून बोळ, आणि बोळाच्या पार टोकाला, चाळीच्या दारात, एक माणूस. मुंगीएवढा. माझ्याकडे तोंड करून.

मी उठून चहा केला. दोन कप. मग एक ओतून दिला.

पाच वाजता क्षितिजाचा नाशिकहून फोन, दर रविवारचा. तिला काही सांगितलं नाही. आवाज छान येतोय म्हणाली, आई तू रुळलीस.

बुधवार, १ डिसेंबर

रोज एकदा बघते. बोळातून चालत जाऊन समोर उभी राहते. गेममधल्या सगळ्या माणसांसारखाच आहे, निळे कपडे, चेहरा ओबडधोबड. डोळे उघडे. हलत नाही. मला त्याचं काही वाटत नाही. देवाचे फोटो तरी कुठे हलतात.

आज कळ जरा जास्त वेळ दाबली गेली आणि मी त्याला जाऊन धडकले. त्याच क्षणी कुणीतरी माझ्या खांद्याला धक्का दिल्यासारखं झालं. खुर्ची सरकली. मागे कुणी नव्हतं. वय झालं, चक्कर असेल.

शनिवार, ४ डिसेंबर

हंसाबेनचा फोन. चाळ पाडायला घेतली. आमचा मजला गुरुवारी गेला. त्या समोरच्या फुटपाथवरून बघत होत्या. म्हणाल्या, तुमच्या खोलीचा निळा रंग रस्त्यावरून दिसत होता, मग नाही दिसला.

मन लागेना म्हणून चाळ बघायला एडिटर उघडला. हिरवा बाण दारात नव्हता. बोळात होता, तिसऱ्या चौकोनात.

चुकून माझाच हात लागला असेल.

सोमवार, ६ डिसेंबर

आठव्या चौकोनात.

माझा हात लागलेला नाही. शनिवारीच कॉम्प्युटर बंद करून पिन भिंतीतून काढून ठेवली होती. वहीत एक आज्ञा आहे, ती दिली की लिनक्स फाइलला शेवटचा हात कधी लागला ते दाखवतं. दाखवलं: काल, रविवार, दुपारी चार दहा. चार दहाला मी खाली टँकरच्या रांगेत होते. पिन टेबलावर पडली होती.

मला भीती नाही वाटली. खरं लिहायचं तर आनंदच झाला. तिकडे घर राहिलं नाही, म्हणून निघाले असतील. मीच तर बोलावलंय.

सुकेळी आणून ठेवली.

बुधवार, ८ डिसेंबर

पंधराव्या चौकोनात.

गेममध्ये जवळ जाऊन पाहिलं. चेहरा तोच, ओबडधोबड. पण उभं राहणं ह्यांचं नाही. हे उजव्या पायावर भार देऊन उभे राहायचे, गोदामातल्या पोत्यांनी कंबर गेली होती. हा सरळ उभा आहे. डावा हात पोटाशी धरलाय.

असं कोण उभं राहतं ते आठवत नाही. माझ्या ओळखीचं आहे.

गुरुवार, ९ डिसेंबर

पाहुणा झाला तरी दार वाजवून येतो. म्हणून आज बोळात एक दार घातलं. ह्या गेममधली दारं वरून खाली येतात. बाण होता त्याच चौकोनात चुकून दार पडलं, अलीकडे घालायचं होतं. मी तसाच गेम सुरू केला. दार खाली आलं.

माझा श्वास बंद झाला.

छातीवर आणि पाठीवर दोन्हीकडून फळी दाबावी तसं. आवाज फुटेना. पडद्यावर खाली आपल्या जिवाचा आकडा असतो, तो शंभरावरून नव्वद, ऐंशी, सत्तर असा उतरत होता. मी स्वयंपाकघरात एकटी उभी, मला कुणी हातही लावलेला नाही, आणि आकडा उतरतोय. कसाबसा गेम बंद केला. दार पुसलं. तेव्हा श्वास आला.

ब्लाउजखाली आडवा वळ आहे. छातीवर एक, पाठीवर एक.

शुक्रवार, १० डिसेंबर

टीचरांना सगळं सांगितलं. वळ दाखवला नाही. त्यांनी बराच वेळ एडिटर पाहिला, मग म्हणाल्या, ही चूक त्यांच्या शाळेतल्या मुलांकडूनही होते. सुरुवातीची खूण एकच ठेवायची असते. दोन ठेवल्या तर गेम त्यातल्या एका जागी तुम्हाला उभं करतो, आणि दुसऱ्या जागी तुमचंच रिकामं शरीर. त्याला लागलं की तुम्हाला लागतं.

मी विचारलं, मग ते हे नाहीत?

टीचरांनी माझा हात धरला. "नाहीत हो, सुनंदाताई. तिथे दुसरं कोणी नाही. ती तुम्हीच आहात."

ह्यांच्या वहीत पुढच्याच पानावर लाल शाईने लिहिलंय. खूण एकच. मी ते पान वाचलं नव्हतं. मला घाई झाली होती.

टीचर म्हणाल्या, जुनी खूण पुसून टाका, संपलं. मला धीर होईना. धक्का लागला तर खांदा, दार पडलं तर छाती. मग पुसलं तर काय? त्या म्हणाल्या, बरं, मी नाताळचा फराळ करायला आईकडे राजोडीला चाललेय, एकोणीसला रविवारी संध्याकाळी येते. दोघी मिळून पुसू. तोवर कॉम्प्युटर लावू नका.

जेवताना स्वतःकडे बघितलं. मी ताट घेऊन उभी होते, सरळ. डावा हात पोटाशी.

रविवार, १२ डिसेंबर

कॉम्प्युटर लावला नाही.

पाच वाजता क्षितिजाचा फोन. खुशीत होती. म्हणाली, आई, शुक्रवारी किती छान बोललीस, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा हसलीस. नाताळच्या सुट्टीत येतेस ना मग? कबूल केलंयस.

शुक्रवारी मी तिच्याशी बोललेले नाही. विचारलं, किती वाजता गं? म्हणाली, चारच्या सुमाराला.

चारला मी टँकरच्या रांगेत होते. घराला कुलूप होतं.

मंगळवार, १४ डिसेंबर

दाराच्या आतली पहिली फरशी गरम आहे. बाकीच्या गार. पाय ठेवला की कळतं, आताच कुणीतरी उभं होतं.

बुधवार, १५

दुसरी आणि तिसरी. मी खडूने खुणा करतेय.

क्षितिजाकडे जायचं ठरवलं. पिशवी भरली. जिन्यात पाऊल टाकलं तर पुढे पाऊल जाईना — भिंतीला टेकल्यासारखं. समोर जिना दिसतोय. कपाळ कशाला तरी लागतंय, गार, सपाट. नकाशात मी जिना काढलाच नव्हता. दाराबाहेर फक्त बोळ काढला होता.

शुक्रवार, १७

लावला शेवटी. बघितल्याशिवाय राहवेना.

एक बाण हॉलच्या मधोमध. दुसरा स्वयंपाकघरात, माझा. आता दोघांमध्ये तीन चौकोन.

भांड्यांचा आवाज येतोय. मी हॉलमध्ये आहे. स्वयंपाकघरात कोणी नाही. म्हणजे मी नाही.

शनिवार, १८

सकाळी ओट्यावर पोहे झालेले होते. माझ्या हातचे. शेंगदाणे जरा जास्त तळलेले, मी तळते तसे.

गेम सुरू केला. मी स्वयंपाकघरात उभी राहिले नाही — चाळीच्या दारात उभी राहिले. करडी जमीन. लांब, बोळाच्या टोकाला, ओट्यापाशी एक बाई. निळे कपडे नाहीत आता. साडी. माझी जांभळी.

पाठ माझ्याकडे.

बंद केला. पडदा काळा झाला. पण बोळ दिसतोच आहे —

रविवार, १९

पायाखाली शहाबादी आहे. खरखरीत. किती दिवसांनी पाऊल घट्ट बसलं.

खोली आहे. मोरी आहे. जिना आहे पण खाली उतरत नाही, चित्रातला असतो तसा. हाका मारल्या. गॅलरीत गेले, मोरीत पाहिलं.

हे इथेही नाहीत.

फोन वाजतोय, लांब. पाच वाजले असतील. मी धावले. पाय चालतात पण दार जवळ येत नाही. तिने उचलला. हसली. हो गं, येते, म्हणाली. आवाज —

कुणीतरी बेल वाजवली. टीचर आल्या. इथून दिसतंय, सगळी दारं एका रेषेत, मीच काढलीत. टीचरांच्या हातात डबा आहे. तिने बशा काढल्या. टीचर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतायत, आता कशी बरी दिसता हो. चला, ते काम करून टाकू.

खुर्च्या ओढल्या. पडदा उजळला. माझ्या पायाशी हिरवा उजेड —

मी ओरडतेय. टीचर एकदा मान वळवून बोळाकडे बघतात. मग पुन्हा पडद्याकडे. माझ्याच आवाजात ती विचारतेय, कुठली पुसायची टीचर? आणि टीचर अगदी हळू, धीर देत, जुनी हो, सुनंदाताई, चाळीतली, सोडा आता —

टीचर, ती मी नाही, मी इथे आहे, इथे दारा